धागा: मे महिन्यात भुसावळला टिकेल असा पीसी – कुलिंग आणि पॉवर सप्लाय कोणता घ्यावा?

भुसावळ_जंक्शन
राम राम मंडळी. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. जुना पीसी चौथ्या पिढीच्या आय-५ चा आहे आणि आता तो थकला. एप्रिल-मे आला की दुपारी रेंडर (एडिट केलेल्यातून तयार व्हिडिओ काढणं) लावायचा आणि अर्ध्या तासात आपोआप बंद. आपला धंदाच असा, की ऐन उन्हात लग्नं आणि ऐन उन्हात रेंडर. यंदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत नवीन बांधायचा आहे. यादी अशी:

रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी-६५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर-५ रॅम, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी, जुन्या दोन हार्ड डिस्क.

प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड ठरलंय, त्यावर वाद नको. प्रश्न दोनच. दुकानदार म्हणतो, प्रोसेसरबरोबर येणारा फॅन पुरे. आणि कॅबिनेटसोबत '६५० वॅट गेमिंग' पॉवर सप्लाय फुकटात देतोय. एक मित्र म्हणतो, लिक्विड कुलर आणि ८५० वॅट घे, मग बघायला नको. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर स्लॅब. एसी नाही, डेझर्ट कुलर आहे. लाईटीचं तर सगळ्यांना माहीतच आहे.

पुण्यातला_खान्देशी
७६०० ची रेटिंगच ६५ वॅट आहे भाऊ. सोबतचा रेथ स्टेल्थ फॅन त्यासाठीच दिलेला असतो. माझ्याकडे तेच आहे, दोन वर्षांत काही झालं नाही. उगाच खर्च करू नका.

मेहरूण
पुणेकर दादा, तुमच्या खोलीत मे मध्ये ३२ असतं, यांच्या खोलीत ४२. सगळा घोळ त्या दहा अंशांत आहे.

आधी एक गोष्ट. ६५ वॅट हा टीडीपी झाला, म्हणजे कुलर निवडायला कंपनीने दिलेला आकडा. पूर्ण लोडवर हा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत ओढतो, कंपनीनेच ती मर्यादा ठेवली आहे. दुसरं, कुठलाही कुलर, हवेचा असो की पाण्याचा, चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोलीच्या वर किती अंश राहायचं ते ठरवतो. सोबतचा छोटा फॅन ८८ वॅटला चिप खोलीच्या वर ५५-६० अंशांवर धरतो असं समजा. खोली ३० असेल तर ८५-९०, म्हणजे चालून जातं. खोली ४२ असेल तर गणित ९७-१०२ वर जातं. पण ७६०० ची कमाल मर्यादा ९५ आहे, त्याच्या वर तो जाणारच नाही. तो स्वतःहून स्पीड कमी करेल आणि रेंडर रांगत चालेल. तुम्हाला वाटेल प्रोसेसर खराब निघाला.

त्याच हिशोबाने चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचा) एक साधा टॉवर कुलर घ्या. डीपकूल एजी ४०० किंवा थर्मलराइट असॅसिन एक्स १२०, दोन हजारांच्या आसपास. तो चिपला आजूबाजूच्या हवेच्या वर साधारण ४० अंशांवर धरेल. कॅबिनेटमधली हवा ४५ धरली तरी ८५. काम सुरू राहील.

धुळेकर_७७
लिक्विडला माझा पण विरोध आहे, पण कारण वेगळं. लोकांना वाटतं लिक्विड म्हणजे फ्रीज. अहो, ते विहिरीचं पाणी पाइपाने दुसऱ्या बांधावर नेऊन सोडण्यासारखं आहे. उष्णता चिपवरून उचलली आणि रेडिएटरवर नेऊन टाकली, पण शेवटी तुमच्याच खोलीत. खोली ४२ असेल तर रेडिएटरवरून वाहणारी हवाही ४२ चीच. आणि त्यात फिरणारा एक पंप वाढला, जो कधीतरी बंद पडणार. हवेच्या कुलरमध्ये बिघडायला एक फॅनच असतो. तो पाचशे रुपयांत गावात मिळतो आणि तो मेला तरी अॅल्युमिनियम-तांब्याचा ढीग काही वेळ तरी धीर धरतो. पंप थांबला की मिनिटाच्या आत तापमान चढतं.

ज्यांच्याकडे दोनशे-अडीचशे वॅट ओढणारे मोठे इंटेल किंवा रायझन ९ आहेत त्यांनी घ्यावा लिक्विड, ते ठीक. ८८ वॅटसाठी नको.

भुसावळ_जंक्शन
आणि मित्र म्हणतो तो दोन टॉवरवाला मोठा? पीअरलेस असॅसिन?

मेहरूण
चांगला आहे, सहा हीटपाइप, किंमत फार वाढत नाही. पण उंची साधारण १५५ मिलिमीटर आहे, कॅबिनेटच्या पानावर 'सीपीयू कुलर हाइट' बघून घ्या. रॅमवर फॅन आडवा येतो का तेही बघा. तुमच्या चिपला मात्र त्याची गरज नाही. उरलेले पैसे कॅबिनेटच्या पुढच्या जाळीत आणि पॉवर सप्लायमध्ये घाला.

आणि एक फुकटचा उपाय, जो दुकानदार कधी सांगत नाही. बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडतात त्या सेटिंगमध्ये) इको मोड असतो. ७६०० ला ४५ वॅटच्या इकोवर टाकलं की ८८ ऐवजी ६१ वॅटवर थांबतो. मल्टीकोअर कामात दहा-एक टक्के फरक, गेममध्ये तर कळतही नाही. ८८ ला ४० अंश वर होता तो कुलर ६१ ला साधारण २८ वरच राहील. म्हणजे ४५ च्या हवेत चिप ७३ ला. एप्रिल ते जून इको ठेवा, पावसाळा लागला की काढा.

४०६० चं पण तसंच. ११५ वॅटचं कार्ड आहे, आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणा. उष्णता तयार झाल्यावर बाहेर काढत बसण्यापेक्षा ती कमीच तयार करणं स्वस्त पडतं, आणि आपल्याकडे तर फारच स्वस्त पडतं.

कपाशीवाला
धरणगावहून बोलतोय. आमच्या घराशेजारी जिनिंग आहे. दिवाळीनंतर सरकीपासून रुई निघायला लागली की हवेत बारीक तंतू तरंगत असतात. ते फॅनमधून आत जातात आणि हीटसिंकच्या पात्यांच्या तोंडावर बसतात. टॉवर कुलरचा फॅन क्लिपा काढून बाजूला करा, आत राखाडी नमद्याचा थर दिसेल. चिमटीत धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघतो. फॅन पूर्ण स्पीडने ओरडत असतो आणि हवा पात्यांत शिरतच नाही. लोक मग चिपवरची पेस्ट बदलतात, फॅन बदलतात, आणि तापमान तेवढंच.

उपाय साधा. पुढच्या जाळीच्या आतून नायलॉनचं फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्या, ते बाहेर काढून नळाखाली धुता येतं. पुढून हवा आत घेणारे फॅन दोन, मागून बाहेर टाकणारा एक. आत येणारी हवा जास्त असली की फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. काचेचं तोंड असलेली कॅबिनेटं दिसायला झकास, पण पुढून हवा घ्यायला बोटभर फट. ती मुंबईच्या एसी ऑफिसला.

साफ करताना ब्लोअर मारायचा तर फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा. ब्लोअरने तो भणाणून फिरतो आणि बेअरिंग जातं. आणि मागच्या न वापरलेल्या स्लॉटच्या पट्ट्या काढून ठेवू नका. तिथून पाल आत जाते. उंदीर गेला तर वायरी कुरतडतो ते वेगळंच.

शहादेकरीण
माझं अल्बम डिझाइनचं काम आहे, त्यामुळे भुसावळच्या भाऊंचं दुःख कळतं. डेझर्ट कुलरबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहिते.

आपल्याकडे मे मधली हवा कोरडी असते, त्यामुळे डेझर्ट कुलर खरंच काम करतो. बाहेर ४२ असताना जाळीतून निघणारी हवा दहा-बारा अंशांनी सहज खाली येते. म्हणजे सीपीयू कुलर फक्त चिप सांभाळतो, खोलीतला कुलर मात्र अख्खा पीसी थंड ठेवतो. पण समोरची खिडकी उघडी पाहिजे. खोली बंद करून कुलर लावला तर तासाभरात हवा ओली होते आणि थंडावा जातो.

लोक घाबरवतात की ओल्या हवेने आत पाणी सुटेल. पाणी थंड वस्तूवर सुटतं. चालू पीसी खोलीपेक्षा गरम असतो, त्याच्यावर सुटत नाही. खरा त्रास तुषारांचा आहे. कुलरच्या तोंडासमोर सरळ रेषेत पीसी ठेवला तर बारीक थेंब उडतात आणि आपल्या बोअरचं पाणी जड, क्षार असलेलं. ते थेंब वाळले की बोर्डावर पांढरे ठिपके राहतात. म्हणून कुलर तिरपा ठेवा, पीसीपासून चार-पाच फूट लांब. आणि कुलरचा प्लग पीसीच्या स्विचबोर्डावर लावू नका. त्याच्या मोटरचे झटके त्याच लाईनवर येतात.

जुलैत हवा ओली झाली की कुलरचा उपयोग संपतो, पण तोवर उकाडाही उतरलेला असतो.

पुण्यातला_खान्देशी
ठीक आहे, माघार घेतो 😀 गावाकडची खोली विसरलो होतो. आता पॉवर सप्लायवर बोला. वॅटचा हिशोब केला तर ६५० तर भरपूर झाला की. फुकट मिळतोय तर?

चोपड्याचा_वायरमन
फुकटचा घेऊ नका. का ते स्टिकरवर लिहिलेलं असतं, फक्त वाचायला पाहिजे.

पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा तो '६५० वॅट गेमिंग' हातात घ्या आणि बाजूचा तक्ता बघा. पीसीतला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघं जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरून घेतात. म्हणून फक्त '+१२व्ही' चा रकाना बघायचा आणि त्याखालच्या अँपिअरला १२ ने गुणायचं. असल्या डब्यांवर मी १६ अँपिअर लिहिलेलं बघितलंय. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत दाखवून बेरीज फुगवलेली. तुमच्या ७६०० चे ८८ आणि ४०६० चे ११५ मिळून २०३ होतात. म्हणजे ६५० चा डबा या दोघांनाच पुरत नाही, बोर्ड आणि हार्ड डिस्क तर पुढेच राहिल्या.

आता खऱ्या ५५० चा स्टिकर बघा. १२ व्होल्टला ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट. जवळजवळ सगळी ताकद जिथे लागते तिथेच. वजनानेही कळतं. हातात हलका लागला तर आतला हीटसिंक आणि ट्रान्सफॉर्मर छोटा आहे.

मेहरूण
वायरमन काका एकदम बरोबर. वॅटचा हिशोब पूर्ण करतो. ८८ + ११५, त्यात बोर्ड, रॅम, एसएसडी, दोन हार्ड डिस्क आणि फॅनचे ४५-५० धरा. म्हणजे २५० वॅट. ग्राफिक्स कार्ड क्षणभर याच्यापेक्षा जास्त ओढतं, ती उसळी धरूनही चांगला ५५० पुरून उरतो. एनव्हिडियाही ४०६० साठी ५५० च सांगते. ८५० घेतला तर नुकसान नाही, पण ते पैसे दुसरीकडे हवेत.

आता आपल्या भागासाठी महत्त्वाचं. पॉवर सप्लायची वॅटची हमी ठरावीक तापमानापर्यंतच असते. काही कंपन्या ४० अंशांपर्यंत देतात, चांगल्या ५० पर्यंत. बॉक्सवर नसेल तर वेबसाइटवरच्या माहितीपत्रकात असतं. खोलीच ४२ असेल तर ४० वाला पहिल्या दिवसापासून हमीच्या बाहेर. आणि ज्या ८० प्लस ब्राँझ-गोल्डच्या चिकटपट्ट्या बघून आपण घेतो, त्यांची चाचणी २३ अंशांच्या हवेत होते. आपल्याकडे २३ कधी असतं, तर जानेवारीत.

शिवाय ८० प्लस म्हणजे वीज किती वाया जाते एवढंच. अर्ध्या लोडवर ब्राँझ साधारण ८५ टक्के, गोल्ड ९० च्या पुढे. २५० वॅट द्यायला ८५ टक्केवाला भिंतीतून २९४ घेतो, म्हणजे ४४ वॅट उष्णता डब्यातच. ९० टक्केवाला २७८ घेतो, २८ वॅट उष्णता. फरक १६ वॅटचा, बिलात तर दिसणारही नाही. पण डब्याच्या आतल्या कपॅसिटरला तो कळतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दहा अंशांनी जास्त तापला की त्याचं आयुष्य अर्ध्यावर येतं, असा ठोकताळा आहे. म्हणून '१०५ अंशांचे जपानी कपॅसिटर' असं लिहिलेलं असतं ती नुसती जाहिरात नाही.

थोडक्यात तुमच्यासाठी: ५५० किंवा ६५० वॅट, ब्राँझ चालेल, गोल्ड उत्तम, ५० अंशांची हमी, पाच वर्षांची तरी वॉरंटी. हमी आधी बघा, रंग नंतर.

धुळेकर_७७
एक भर. महागड्या गोल्डमध्ये 'झीरो आरपीएम' असतं, कमी लोडला फॅन थांबतो. शांततेसाठी छान, पण उन्हाळ्यात नको. मागे बटण असेल तर ते बंद करून फॅन सतत फिरता ठेवा. आणि पॉवर सप्लाय कॅबिनेटच्या तळाला असेल तर फॅनचं तोंड खाली करा, म्हणजे तो ग्राफिक्स कार्डाची तापलेली हवा न घेता बाहेरची घेतो. फक्त कॅबिनेट सतरंजीवर ठेवू नका.

भुसावळ_जंक्शन
हे सगळं वाचून मोजमाप घेतलं. खोलीत दुपारी तीनला आत्ता मार्च संपताना ३६. कुलर लावून खिडकी उघडी ठेवली तर २८. शहादेच्या ताईंचं म्हणणं पटलं.

पण दुसरं मोजलं ते जास्त काळजीचं आहे. मल्टीमीटर बोर्डात लावून बसलो. संध्याकाळी आठला १८८ व्होल्ट. रात्री दोनला रेंडर बघायला उठलो तेव्हा २५१. दिवसातून दोन-तीनदा लाईट डोळा मारल्यासारखी जाते आणि येते. घरात इन्व्हर्टर आहे, साधा, त्यावर पीसी चालवू का?

चोपड्याचा_वायरमन
संध्याकाळी सगळ्यांचे कुलर, पंखे, मोटरी चालू, म्हणून खाली. रात्री लोड उतरला की वर. आमच्याकडे तर शेतीपंपांच्या वेळेला १७० बघतो.

पॉवर सप्लायच्या स्टिकरवर 'एसी इनपुट' चा आकडा बघा. काहींवर १००–२४० असतं, काहींवर फक्त २००–२४०. शहरात दोन्ही सारखे. आपल्याकडे १००–२४० वालाच घ्या. २००–२४० वाला थोडं खालीपर्यंत ओढून नेतो, पण १७५ ला भरवसा नाही, मध्येच बंद पडतो आणि लोक म्हणतात पीसी रीस्टार्ट होतो. याच धाग्यात सुरुवातीला 'आपोआप बंद' लिहिलंय, त्यातलं किती उन्हामुळे आणि किती व्होल्टेजमुळे हे बघायला पाहिजे.

इन्व्हर्टरचं असं. लाईट गेली की इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला वेळ लागतो. यूपीएस मोडला दहा-एक मिलिसेकंद, साध्या मोडला वीस ते चाळीस. आणि पॉवर सप्लायला ८० टक्के लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरायची असते, तसा नियमच आहे. लोड निम्मा असेल तर तो जवळजवळ दुप्पट वेळ तग धरतो. म्हणून २५० च्या लोडला ५५० चा डबा हा हिशोब इथेही कामाला येतो. इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा. पण तुमचा साधा, म्हणजे स्क्वेअर वेव्हचा असेल, तर त्यावर हा पीसी लावू नका. आजकालच्या सप्लायमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतो, त्याला चौकोनी लहर मानवत नाही. गुणगुणतो, तापतो, कधी बंद पडतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर बिनधास्त.

शहादेकरीण
यूपीएस घ्यायचा तर केवढ्याचा? मी ६०० व्हीए चा घेतला होता, लाईट गेली की पीसी पण गेला.

मेहरूण
ताई, ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नाही. ६०० व्हीए चे बहुतेक यूपीएस ३६० वॅटचे असतात. भाऊंचा हिशोब बघा: भिंतीतून २८०-२९० पीसी, ३० मॉनिटर, झाले ३२०. ३६० ला हे टेकून चाललंय, बॅटरी थोडी जुनी झाली की गेलंच. ११०० व्हीए चा घ्यावा, तो ६६० वॅटपर्यंत असतो. काम काय, तर फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरती पाच-दहा मिनिटं. तासभर रेंडर चालवायचा असेल तर तो इन्व्हर्टरचा प्रांत.

लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसचा दुसरा फायदा म्हणजे व्होल्टेज खाली-वर झालं तर तो बॅटरीला हात न लावता सावरतो. साधारण १६० ते २८० पर्यंत, पण माहितीपत्रक बघून घ्या. तो लावला तर वेगळा स्टॅबिलायझर नको. आणि यूपीएस पीसीच्या मागे, गरम हवेच्या झोतात ठेवू नका. लेड-अॅसिड बॅटरीची रेटिंग २५ अंशांच्या आसपासची असते, उष्णतेत ती लवकर मरते. आपल्याकडे दोन वर्षांत बदलायची तयारी ठेवा. खालच्या कोपऱ्यात, भिंतीच्या सावलीत ठेवा.

चोपड्याचा_वायरमन
आता माझ्या आवडीचा विषय, अर्थिंग. हे लोकांना कितीही सांगा, 'हो हो आहे' म्हणतात. बोर्डात तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण लागते का? लागत असेल तर अर्थिंग नाही. पॉवर सप्लायच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतो, तो जमिनीत गेला पाहिजे. अर्थ नसेल तर तो तुमच्यातून जातो. मल्टीमीटरने फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ जवळजवळ सारखं यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. पाच-दहा दाखवत असेल तर खड्डा बघायला वायरमनला बोलवा, स्वतः खोलू नका.

खान्देशातली गंमत अशी, की मीठ-कोळशाचा जुना अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात उत्तम असतो आणि मे मध्ये कोरडा ठणठणीत. माती वाळली की अर्थिंग संपलं. उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी त्यात बादलीभर पाणी टाकत जा. स्पाइक गार्ड, सर्ज प्रोटेक्टर जे काही लावाल, ते झटका बऱ्यापैकी अर्थमध्ये सोडतात. अर्थच नसेल तर त्यांचा बराचसा उपयोग गेला.

आणि जूनच्या सुरुवातीला गडगडाट झाला की प्लग काढा. बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची तांब्याची वायर येत असेल तर तीही काढा, बरेच मदरबोर्ड लॅनच्या बाजूने जळतात.

रावेरची_केळी
भो, आमना गावमा तर न्यूट्रल तुटना व्हता. सगळ्या गल्लीतले टीव्ही एकाच दिवशी गेले. यूपीएस काय करेल?

चोपड्याचा_वायरमन
न्यूट्रल तुटला की दोन फेजमधलं व्होल्टेज घरात शिरू शकतं, ४०० पर्यंत. त्याला यूपीएस पण पुरत नाही, स्पाइक गार्ड तर नाहीच. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेजचा कटऑफ बसवा. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की तो सगळं घरच तोडतो, नंतर आपोआप जोडतो. फ्रीज, टीव्ही, पीसी, सगळ्यांचं एका झटक्यात काम होतं. दीड-दोन हजारांत येतो.

जामनेर_९०
मी जरा वेगळं म्हणतो. एवढे सगळे उपाय करण्यापेक्षा पीसी खालच्या मजल्यावर का नाही? आमच्या जुन्या घराला धाबं (मातीचं छत) आहे. मे मध्ये वरच्या स्लॅबच्या खोलीपेक्षा सात-आठ अंश कमी. रेंडरवाला पीसी खाली ठेवा, वर बसून लॅपटॉपवरून रिमोटने चालवा.

भुसावळ_जंक्शन
जामनेरच्या भाऊंची कल्पना चांगली आहे, पण खाली आईचं देवघर आणि पापड. पीसीला जागा मिळणार नाही 😀

शेवटी असं ठरवतोय: एजी ४००, जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट, पुढे दोन मागे एक फॅन, ५५० वॅट गोल्ड (१००–२४०, ५० अंश), ११०० व्हीए यूपीएस, मेनला कटऑफ. दुकानदाराला फुकटचा सप्लाय नको म्हटलं तर त्याने कॅबिनेटमधून हजार कमी केले. उन्हाळ्यात इको मोड. अर्थिंगच्या खड्ड्यात कालच पाणी घातलं, न्यूट्रल-अर्थ ७ वरून ३ वर आलं. हे मी डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहितो.

एकच शंका राहिली. काकांच्या मुलाकडे जुना मॉड्युलर (केबली सुट्या होणारा) सप्लाय पडलाय. त्याच्या हार्ड डिस्कच्या केबली नव्याला लावल्या तर चालतील का? नव्याबरोबर दोन हार्ड डिस्कला पुरेल एवढी लांब केबल नाहीये.

मेहरूण
अजिबात लावू नका. पीसीच्या बाजूचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण सप्लायच्या बाजूच्या पिनांचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा, कधी तर एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळा. प्लग बसतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातात. हार्ड डिस्क त्याच क्षणी जाते, आणि तुमच्याकडे त्यात लोकांची लग्नं आहेत. त्याच मॉडेलची केबल कंपनीकडून मागवा, नाहीतर हार्ड डिस्कच्या साटा पॉवरचं एक्स्टेन्शन घ्या. प्लगचं प्लास्टिक वायरीवर साच्यात ओतलेलं नको, दाबून बसवलेल्या पिनांचं बघून घ्या. ओतलेले वितळतात.

आणि हार्ड डिस्क पुढच्या फॅनच्या अगदी मागे, हवेच्या वाटेत बसवा. एनव्हीएमईवर बोर्डाचं हीटसिंक लावताना खालची प्लास्टिकची फिल्म सोला, कुलरच्या बुडाखालचीही.